मुनीरभाई, मशीन चालू आहे

मुनीरभाई, तुम्ही गेलात त्या दिवशी मी मशीन बंद केली. तुमच्या मानासाठी. आणि तिसऱ्या दिवसाच्या विधीपर्यंत, जियारतीपर्यंत, पुरते तीन दिवस, बंदच ठेवली.

आता जिथं असाल तिथं हातातला पाना खाली ठेवून माझ्याकडं बघत असाल, तर तसं बघू नका. पुढं ऐका, अजून बरंच आहे.

नुसती बंद करून थांबलो असतो तर घाईगडबडीत झालं असं म्हणता आलं असतं. मी फाटकावर पाटी लावली. ‘आमचे मुनीरभाई गेले. कारखाना तीन दिवस बंद.’ अक्षर चांगलं यावं म्हणून दोनदा लिहिली. सिद्धेश्वरच्या धरणावरून मासे घेऊन आलेले दोघंतिघं रिकामे खोके धरून पाटी वाचत उभे राहिले. त्यातला एक म्हणाला, “साहेब, मुनीरभाईनं एक घंटाबी बंद ठेवू दिली नसती.” मला वाटलं, याला आपल्या बर्फाची पडलीय. मी आवाज जड करून म्हणालो, “माणूस गेलाय. बर्फाचं काय घेऊन बसलात?” माझ्याच वाक्यानं मला गहिवरून आलं. तो बिचारा कामाचं बोलत होता आणि मी भाषण करत होतो. आपल्या बावीस वर्षांत हे असंच चालत आलं. फक्त कामाचं बोलणारे तुम्ही असायचात.

आज नववा दिवस. मशीन चालू आहे. ऑफिसातून मला बाहेर काढलंय, का ते पुढं येईल. फाटकाजवळच्या पत्र्याखाली एका पालथ्या डब्यावर बसून, रजिस्टरच्या पाठकोऱ्या पानांवर हे लिहितोय. दर चार ओळींनी थांबतो आणि कंप्रेसरचा ठोका ऐकतो. मग ठोक्याच्या मागं दुसरा काही आवाज आहे का, ते ऐकतो. भिंत सरकायच्या आधी कशी कुरकुरते, ते तुम्ही मला कधी सांगितलं नाही. की सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही? हा दुसराच पर्याय खरा असणार.

ती भिंत. तिच्या अलीकडं बर्फाची टाकी, पलीकडं तुमचं घर. अलीकडं उणे दहावर गार केलेलं मिठाचं पाणी आणि त्यात बुडवलेले बर्फाचे डबे, पलीकडं भाभींची खाट. मधे दीड वीत जाडीची भिंत आणि तिच्याखाली काँक्रीटचा पाया. एवढंच आहे सगळं. एवढ्यासाठीच चौथ्या दिवसापासून माझा डोळ्याला डोळा लागलेला नाही.

तुम्हाला दार आठवतं का? तुमच्या घराचं मागचं दार त्या भिंतीतच होतं. एका वर्षी ते खाली घासायला लागलं. मी सुतार आणून ते खालून रंधून घेतलं. दुसऱ्या वर्षी पुन्हा घासलं, पुन्हा रंधलं. तिसऱ्या वर्षी दार खालून तीन बोटं कमी झालं होतं आणि वरून उजेड येत होता, तरी मी सुताराला बोलावणं धाडलं. तेव्हा तुम्ही उंबऱ्यावर बसून शांतपणे म्हणालात, “इंजनेर, दार नका तासू आता. घर वर येऊन राहिलं.”

मी हसलो. किती हसलो! “मुनीरभाई, घरं खचतात. उगवत नाहीत.”

“तुमच्या पुस्तकात नसतील उगवत,” तुम्ही म्हणालात.

माझं पुस्तक! डिप्लोमाला मातीच्या विषयात मी दोनदा नापास झालो, हे तुम्हाला माझ्या वडिलांनीच सांगितलेलं होतं. तिसऱ्यांदा पास झालो तेही कसं, तर गोठलेल्या जमिनीचं प्रकरण ऑप्शनला टाकून. आम्ही साखऱ्याची माणसं. आमच्या शिवारात पाणी साठत नाही, तिथं गोठणार कुठून? ज्या देशात जमीन गोठते तिथल्या लोकांनी ते प्रकरण वाचावं, असा मी न्याय केला होता. पुढं माझ्याच कारखान्याच्या पोटाखाली तो देश तयार होईल, हे परीक्षा घेणाऱ्यालाही माहीत नसणार.

तुम्ही मला टाकीच्या कडेला नेलंत. फरशीला फुगवटा आला होता. तुम्ही पहार घातली, दहा-बारा घाव घातले आणि काळ्या मातीचं एक ढेकूळ माझ्या तळहातावर ठेवलं. दगडासारखं टणक. मोडलं तर आत बर्फाचे बारीक पापुद्रे, एकावर एक, खारी बिस्किटासारखे. मी ते हातात धरून तुमच्याशी वाद घालत राहिलो आणि वाद संपायच्या आत माझ्या मनगटावरून चिखल ओघळायला लागला.

“टाकीखालचा भुसा कवाच सडला,” तुम्ही सांगितलंत. “थंडी खाली उतरून राहिली. काळी माती पानी धरून ठेवती. ती गोठली का भिंतीच्या पायाला बगलंतून पकडती. मंग स्वतः फुगती, तवा पायाला काखंत घालून वर नेती.”

“काँक्रीटला? एवढ्या वजनाला?”

“पकड बसली का वजन काय करतंय?”

मला हे पटलं नाही. पटलं नाही म्हणजे काय, एका ऑपरेटरनं सांगितलं म्हणून पटवून घ्यायचं नव्हतं. हे आज लिहिताना हात आखडतोय, पण खरं ते खरं. तुम्ही ते ओळखलंत आणि रागावला नाहीत. “चला, करून बघू,” एवढंच म्हणालात.

त्या दुपारा माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या दुपारा होत्या, मुनीरभाई. हे मी तुम्हाला कधी बोललो नाही. मासेवाले सकाळी बर्फ घेऊन गेले की आपण दोघं काळा चिखल मळत बसायचो. पाईपच्या तुकड्यांत ओतलेले काँक्रीटचे खुंटे, मक्याच्या कणसाएवढे, वर लोखंडी कडी. एक पाईपमधून निघालेला गुळगुळीत, एक गोणपाट लावून ओतलेला खरबरीत. बर्फाच्या डब्यात माती ठोकून भरायची, खुंटा चार बोटं आत रोवायचा आणि डबा टाकीत सोडायचा. दुसऱ्या दिवशी डबा खाली साखळीनं बांधायचा, वरून चेनपुली लावायची आणि मधे हळदीची पोती तोलायचा मोठा लटकता काटा. मग तुम्ही साखळी ओढणार आणि मी काटा वाचणार.

पहिल्याच दिवशी मी खुंट्यावर वाकून उभा राहिलो, जवळून बघावं म्हणून. काटा चढत गेला. मी म्हणालो, “बघा, आता निघेल, आता निघेल.” निघेना. दोन पोती, अडीच पोती. मी आणखी वाकलो. आणि गुळगुळीत खुंटा असा कडकन सुटला की काटा माझ्या कपाळाला लागून मी मागं, थेट डबा काढलेल्या टाकीच्या खणात, खाऱ्या पाण्यात. बसकण मारलेली, पाय वर. तुम्ही मला ओढून काढायच्या आधी पोटभर हसून घेतलंत. मग म्हणालात, “लिहा इंजनेर. गुळगुळीत एकदम सुटतो, सांगत न्हाई.”

खरबरीत खुंट्यानं वेळ घेतला. तो जास्त ताण खाऊन सुटला, आणि सुटतानाही एकदम नाही. आधी कण्हल्यासारखा आवाज, मग केसभर सरकला, थांबला, पुन्हा सरकला. खुंट्याला माती चिकटून वर आली. तुम्ही त्या मातीवरून बोट फिरवत बसलात, भाभींनी चहा पाठवला तरी उठला नाहीत. “ह्यानं काँक्रीट सोडलं न्हाई,” तुम्ही म्हणालात. “माती मातीपासून सुटली.”

डबा टाकीबाहेर काढून थोडा वेळ ठेवला, माती अजून टणकच होती, तरी खुंटा निम्म्या ताणानं निघाला. मी म्हणालो, वितळली कुठंय अजून? तुम्ही म्हणालात, “वितळायच्या आधीच पकड ढिली व्हती. दिसाया गोठलेलीच दिसती. तिथंच मानूस फसतो.”

या सगळ्याचा निष्कर्ष तुम्ही माझ्या वडिलांना काय सांगितलात? “तुमच्या इंजनेरनं शोधून काढलं.” मी शेजारीच उभा होतो. मी नाही म्हणालो नाही. वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडं कौतुकानं बघितलं होतं, तेवढं मी घेऊन टाकलं. वडील त्याच समजुतीत गेले. आज परत करतो. उशीर झाला, पण परत करतो.

त्यानंतर तुम्ही मशीन कधी बंद होऊ दिली नाही. लाईट गेली की जनरेटर. पावसाळ्यात मासे कमी, बर्फ कोणी विचारत नाही, तरी मशीन हळू चालायचीच. लोकांना वाटायचं म्हातारा हट्टी आहे. तुम्ही बर्फ करत नव्हतात, भिंत धरून ठेवत होतात; वर उचललेल्या पायाला आता त्या गोठलेल्या मातीचाच आधार होता. मला ते माहीत होतं. जगात आपल्या दोघांनाच पुरतं माहीत होतं, आणि त्यातल्या एकानं तीन दिवस बटण बंद करून पाटी रंगवली.

भिंत कायमची नीट करायचा रस्ताही तुम्हीच सांगितला होता. आधी टेकू द्यायचे, मग पायाखालून नवं काँक्रीट घ्यायचं, आणि ते झाल्यावर मशीन थोडी थोडी कमी करत जमीन सावकाश वितळू द्यायची. “एकदम सोडू नका तिला.” मी दरवर्षी हो म्हणायचो. पावसाळा संपला की. सण झाला की. हळदीचा हंगाम उरकला की. मला काम करायचं नव्हतं असं नाही. मला ते उकरून आत काय आहे ते बघायची भीती वाटत होती. ऑप्शनला टाकायची सवय लवकर सुटत नाही.

शेवटचा वाद तुम्हाला आठवत असेल. मला तर अक्षर न् अक्षर आठवतो. तुम्ही विचारलंत, “एकदा सुटलेली पकड पुन्हा गोठवली तर परत बसंल का?”

मी म्हणालो, “का नाही बसणार? माती तीच, पाणी तेच, थंडी तीच.”

“न्हाई बसायची तशी. एकदा सुटली का तिला सुटायची वाट माहीत व्हती.”

“हे काय शास्त्र झालं का?”

“मंग करून बघू.” आणि तुम्ही एक डबा भरला, खुंटा गोठवला, ओढून सोडवला. जिथवर काटा गेला तिथं काचेवर लाल ऑईलपेंटची रेघ मारलीत. मग डबा उन्हात ठेवून पुरता वितळवला, खुंटा होता तिथंच राहू दिला, आणि पुन्हा टाकीत सोडला. डब्यालाही लाल ठिपका. “शुक्रवारी ओढू,” म्हणालात. आणि जाता जाता पुन्हा तेच, “टेकूचं बघा. माझी मानसं त्या भिंतीला पाठ लावून झोपत्यात.”

मी थकलो होतो, ऊन होतं, कशाकशानं डोकं तापलं होतं. ही कारणं मी रोज नव्यानं लावून बघतो, एकही बसत नाही. मी म्हणालो, “मुनीरभाई, वय झालं की माणसाला सगळीकडं भिंती पडताना दिसतात.”

तुम्ही टोपी सारखी केलीत. “बराबर हाये साहेब,” म्हणालात.

साहेब! बावीस वर्षांत तुम्ही मला कधी साहेब म्हणाला नव्हतात. इंजनेर म्हणायचात, आणि त्यात जेवढी टिंगल असायची तेवढीच माया. त्या एका ‘साहेब’नं तुम्ही मला गेटबाहेर उभं केलंत.

शुक्रवार यायच्या आत तुम्ही दवाखान्यात होतात. मी माफी मागायला आलो आणि मोसंबी देऊन परत गेलो. तुमच्या उशाशी अर्धा तास बसून मी कंप्रेसरच्या तेलाबद्दल बोललो. तेल, मुनीरभाई! छातीला वायरी लावलेल्या माणसाशी! तुम्ही डोळे उघडून एकच विचारलंत, “मशीन?” मी म्हणालो, “चालू आहे.” तुम्ही डोळे मिटले, मला वाटलं झोप लागली.

तो तुमचा माझ्याशी बोललेला शेवटचा शब्द. त्याला दिलेला जबाब मी दुसऱ्याच दिवशी खोटा केला.

कब्रस्तानात मीही तीन मुठी माती दिली. काळीच माती, ओलसर. दोन मुठी पडल्या, तिसरी तळहाताला चिकटून राहिली. मी हात झटकत होतो, ती सुटत नव्हती. शेजारच्या माणसानं विचारलं, काय झालं. मी म्हणालो, काही नाही. तिथं तरी आठवायला हवं होतं. त्या घडीला, तिकडं, माझ्या पाटीमागं, जमीन भिंतीला सोडायला लागली होती.

चौथ्या दिवशी सकाळी तुमची शबाना आली. डोळे सुजलेले, ओढणी डोक्यावर घट्ट. आल्या आल्या म्हणाली, “काका, मशीन काहून बंद हाये?”

“अगं, तुझ्या अब्बांच्या...” मी सुरू केलं. तिचं तोंड बघून मला सगळं एकदम आठवलं. तिनं माझं आटोपायची वाट बघितली नाही. हिंगोलीला आयटीआय केलेली पोरगी, मशीन तिला तुमच्याइतकीच कळते. तिनं आत जाऊन तेल बघितलं, व्हॉल्व्ह फिरवले आणि कंप्रेसर सुरू केला. टाकीतलं पाणी शून्याच्या जवळ आलं होतं. कडेची फरशी पायाखाली दबत होती, ओल्या गोधडीसारखी.

“काका, पुन्हा धरंल का ती भिंत?” तिनं विचारलं.

आणि मी, ज्यानं तीन दिवसांपूर्वीच घाण केली होती, त्या मी ठणकावून सांगितलं, “धरेल. माती तीच, पाणी तेच, थंडी तीच. अम्मीला सांग, काळजी करू नका.”

ती गेली. तीन रात्री भाभी माझ्या शब्दावर त्या भिंतीजवळ झोपल्या.

सहाव्या दिवशी मला लाल ठिपक्याचा डबा आठवला. तो टाकीतच होता, मशीनबरोबर तीन दिवस सुटीवर जाऊन आलेला. एकदा तुम्ही वितळवला, एकदा मी. शबानाला बोलावलं. तिनं साखळी बांधली, काटा अडकवला, आणि मला म्हणाली, “काका, तुमी मागं व्हा. पडता तुमी.” म्हणजे ती गोष्ट तुमच्या घरात पोचली होती तर.

तिनं साखळी ओढली. काटा चढायला लागला. माझी नजर लाल रेघेवर. मनात म्हणत होतो, मुनीरभाई, या वेळी तरी मला बरोबर ठरू द्या. एकदाच. काटा रेघेच्या निम्म्यावरही गेला नाही. कडकन आवाज नाही, कण्हणं नाही. खुंटा निमूट वर आला, मुळ्यासारखा. बाजूनं स्वच्छ, मातीचा कणही न चिकटलेला. मातीला खुंट्याच्या मापाचं भोक, आतून चकचकीत.

शबाना त्या भोकाकडं बघत राहिली. मी रेघेकडं. तुमच्याशी चाललेला वाद मी हरलो होतो आणि त्यात तुमच्या माणसांची खाट पणाला लावलेली होती.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? उठून पलीकडं गेला असता आणि म्हणाला असता, घर सोडा. मी काय केलं? मला आठवलं, भाभी इद्दतीत आहेत. नवरा गेल्यावरचे चार महिने दहा दिवस त्या उंबऱ्याबाहेर पडायच्या नाहीत. मग मी कागदावर भिंतीचं चित्र काढलं, माती, पाया, बाण, सगळं. ते घेऊन सातव्या दिवशी सकाळी मशिदीत मौलानांकडं गेलो. त्यांना अर्धा तास गोठलेली जमीन समजावून सांगितली. खरबरीत, गुळगुळीत, पापुद्रे. ते फार सबुरीनं ऐकत होते. शेवटी म्हणाले, “भाई, दीवार गिरने का डर है ना?”

“हो.”

“तो उनकू निकालो पहले! डर हो तो निकल सकते. मेरेकू फोटू क्या दिखा रहे?”

धावत आलो. तुमच्या ओसरीवर उभा राहिलो. आत पडदा, पडद्यामागं भाभी. मी घसा साफ केला. मग तुमच्या आठवणी काढल्या, मग हवापाणी, मग शबानाच्या नोकरीचं. भाभी हं हं म्हणत होत्या. शेवटी त्याच म्हणाल्या, “भाऊ, भिंतीचं सांगाया आलात ना?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“काच तुटली.”

मला काही उमजेना. मग शबानानं पडद्याची कड सरकवून दाखवलं. भिंतीच्या भेगेवर तुम्ही सिमेंटनं आडव्या काचेच्या पट्ट्या चिकटवून ठेवल्या होत्या, एकाखाली एक, प्रत्येकीवर तुमच्या अक्षरात तारीख. भिंत हलली की काच तुटणार, एवढं साधं. सगळ्या जुन्या पट्ट्या शाबूत. फक्त सगळ्यात खालची मधोमध तुटलेली.

“जियारतीच्या दिशी तुटली,” भाभी म्हणाल्या. “लोक जेवून राहिले व्हते. टक् आवाज आला. मी कुनाला काय सांगू?”

“मग घर का नाही सोडलंत? इद्दत आहे म्हणून?”

“मशीन चालू झाली. तुमी शबानाकडं निरोप दिला, पुन्हा धरंल म्हनून. तुमी इंजनेर.”

यापेक्षा त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी ओसरीच्या खांबाला धरून म्हणालो, “भाभी, मी चुकलो. ती धरत नाही. मुनीरभाई बरोबर होते. आत्ता निघा.”

त्या निघाल्या. दुपट्ट्याखाली चेहरा झाकून, तुमची कपड्यांची पेटी शबानाच्या हातात, अंगण ओलांडून माझ्या ऑफिसात. चाळीस पावलं. मी पाठ फिरवून उभा होतो आणि पावलं मोजत होतो. इद्दत आता तिथं चालेल. टेबल, कपाट, माझी फिरती खुर्ची बाहेर काढली. दाराला पडदा लावला.

काल हिंगोलीहून लोखंडी टेकू आणून भिंतीला लावले. आज गवंडी पायाच्या बाजूनं उकरतायत, हातहात तुकड्यानं, तुम्ही सांगितलं होतं तसं. भिंत उभी आहे. आज उभी आहे, इतकंच मी म्हणतो. टेकूवर हात ठेवून मी दिवसातून दहादा उभा राहतो, आणि दर वेळी वाटतं, आता आत काहीतरी केसभर सरकलं. गवंडी म्हणतो कंप्रेसरचाच ठोका टेकूत येऊन राहिला. असेल.

मघाशी पडद्याबाहेर जाऊन उभा राहिलो. कामाचं निमित्त काढलं, टेकू बसले म्हणून सांगायला. पण मला दुसरंच विचारायचं होतं. ते ‘साहेब’ मला रात्रंदिवस टोचतं. तुम्ही ते घेऊनच गेलात का, एवढं कळायला हवं होतं. तेही मला सरळ विचारता येईना. खूप वेळ चुळबुळ करून म्हणालो, “भाभी, दवाखान्यात मुनीरभाई माझ्याबद्दल काही बोलले का?”

मग बांगड्या नसलेल्या हातानं पडदा सारखा केल्याचा आवाज.

“बोलले ना. म्हनले, इंजनेर मानूस लई चांगला हाये, पन मी गेल्यावर पयलं काम मशीन बंद करंल. मशीनच्या खोलीची चावी त्याच्या हातात ठेवू नको. मीच रडण्याच्या नादात इसरले. कुठं हाये ती चावी? शबानाकडं द्या.”